आईला बंदूक का हवी?



बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सैनिक येतो, पोलिस येतो, फार तर दरोडेखोर येतो. लेकरू कडेवर घेतलेली बाई काही येत नाही. तथापि गोदावरी आणि दारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे या बाजूला कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या बायकांशी बोलताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागला आहे. “भाऊ, बाईमाणसाला बंदुकीचा परवाना मिळतो का?” प्रथम ऐकणारा हसतो. पण विचारणारी हसत नसते. म्हणून आज या प्रश्नाचा विचार आपण शांतपणे करावा, असे मी ठरवले आहे.

मी वकील नाही आणि शिकारीही नाही. माझे शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढचे जे काही झाले ते कामगार संघटनेच्या कचेरीतल्या कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली, कायद्याची पुस्तके एका हाताने आणि शब्दकोश दुसऱ्या हाताने उघडून झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, एका संघटकाने एका मागणीची केलेली छाननी, एवढ्याच दृष्टीने हे बोलणे ऐकावे. संघटनेत आमचा एक नियम असतो. मागणी कितीही विचित्र वाटली तरी ती फेटाळण्यापूर्वी तिच्यामागची कारणे मांडून घ्यायची.

तिची कारणे

ही कारणे चार आहेत. पहिले कारण पाळीचे. वीज केंद्र रात्री झोपत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच, मिळून ६३० मेगावॉट; ते चालवायला माणसे तीन पाळ्यांत लागतात. नवरा रात्रपाळीला गेला की घरात बाई, पोरे आणि एखादी म्हातारी सासू. वसाहतीत शेजार तरी असतो. पण कंत्राटी कामगारांची घरे बहुधा गावाच्या कडेला, मळ्यात, उसाला लागून असतात.

दुसरे कारण बिबट्याचे. २०२० साली दारणाकाठच्या गावांत बिबट्याने माणसांवर हल्ले केले. त्यांत लहान मुले आणि वृद्ध माणसे दगावली. वन खात्याने ठिकठिकाणी पिंजरे लावले, बिबटे धरले. ज्या आयांनी ते दिवस काढले, त्या संध्याकाळी सात वाजता पोराला ओट्यावर एकटे बसू देत नाहीत.

तिसरे कारण चोरांचे. मळ्यातल्या घरी शेळ्या असतात, मोटारीची केबल असते, चार दागिने असतात. वाडी लांब, रस्ता कच्चा, आणि पोलिस यायचे म्हटले तरी वाट विचारीत यायचे.

चौथे कारण मात्र कोणी पहिल्या बैठकीत सांगत नाही. ते असे की एकट्या बाईला कोणी भीत नाही. कोण कधी कामावर जातो, कोणत्या घरात रात्री पुरुष नसतो, हे गावाला पाठ असते. “घरात बंदूक आहे एवढे चारचौघांना कळले तरी पुरे, ती उडवायची वेळच येणार नाही,” असे एका ताईंनी मला सांगितले. मला वाटते, खरे कारण हेच आहे. बंदुकीपेक्षा बंदुकीची वदंता त्यांना हवी होती.

ही चारही कारणे खरी आहेत. यांत भित्रेपणा नाही आणि हौसही नाही. आता या कारणांपुढे बंदूक ठेवून पाहू.

कायदा काय म्हणतो

हत्यारांचा प्रश्न आपल्या देशात आधी गुलामीचा प्रश्न होता. १८७८ साली इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. गोऱ्याला मात्र त्यातून सूट. याच नाशकात २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल विलायतेतून चोरून आणावे लागले होते. आपले हत्यार काढून घेतले गेले, ही सल त्या पिढीच्या मनात खोल होती. म्हणूनच १९३१ साली काँग्रेसने कराचीला जे मूलभूत हक्क ठरवले, त्यांत नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्कही होता.

स्वातंत्र्य आले आणि घटना लिहिण्याची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो सराईत गुन्हेगारालाही द्यावा लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती पडली. अमेरिकेत १७९१ पासून हा हक्क घटनेत आहे. आपल्याकडे तो घटनेत नाही. आपल्याकडे बंदूक मिळते ती परवान्याने, आणि परवाना देणे न देणे हे कायद्याच्या कसोटीवर ठरते.

तो कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे २०१६ चे नियम. बाईला परवाना मिळतो का, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘होय’ असे आहे. कायदा स्त्री आणि पुरुष असा भेद करीत नाही. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. अर्ज पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, अन्यत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. पोलिसांचा चौकशी अहवाल होतो, वैद्यकीय दाखला लागतो, हत्यार हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते, आणि ते सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. स्वसंरक्षणासाठी २० इंचांहून आखूड नसलेल्या नळीची छऱ्याची बंदूक आणि पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक, यांचा कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. आणखी एक कलम गरिबांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असे चौदाव्या कलमात लिहिले आहे. नकार आलाच तर अपील करता येते.

दोन गोष्टी मात्र बहुतेकांना ठाऊक नसतात. पहिली ही की परवाना माणसाला मिळतो, घराला मिळत नाही. नवऱ्याच्या नावावर परवाना आहे म्हणून तो रात्रपाळीला गेल्यावर बायकोला बंदूक वापरण्याचा अधिकार आपोआप येत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी बंदूक घ्यायची, त्याच वेळी ती निरुपयोगी ठरायची. दुसरी ही की बिनपरवान्याचे गावठी पिस्तूल जवळ बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढवली आहे. संरक्षणासाठी जवळ ठेवले होते, हे सांगून त्यातून सुटका होत नाही. “कुठून तरी मिळते हो,” असे जे सांगतात, ते त्या बाईला तुरुंगाची वाट दाखवतात.

खर्चाचेही बोलू. दिल्लीतील २०१२ च्या अमानुष प्रकारानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. ते स्त्रियांसाठी म्हणून गाजले. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. कंत्राटी कामगाराचे कित्येक महिन्यांचे वेतन एकत्र केल्याशिवाय ते येत नाही. जिला रात्रीची भीती सर्वांत जास्त, तिच्याच आवाक्याबाहेर ते राहिले.

बिबट्यापुढे बंदूक

आता बिबट्याचे घेऊ. ऊस शेतात वर्ष-दीड वर्ष उभा असतो. त्यात सावली आहे, पाणी जवळ आहे, आणि गावाच्या कडेला कुत्री, डुकरे, शेळ्या आहेत. बिबटीण उसातच पिल्ले घालते. उसात वाढलेले जनावर उसालाच रान समजते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना शेतीच्या आणि वस्तीच्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. म्हणजे माणूस आणि बिबट्या शेजारी राहतात आणि बहुतेक रात्री एकमेकांना टाळतात.

बिबट्या हल्ला करतो तो बहुधा पाठीमागून, अंधारात, आणि वाकलेल्या किंवा लहान दिसणाऱ्या माणसावर. तो प्रकार क्षणांत आटोपतो. नियमाप्रमाणे बंदूक कुलपात, काडतुसे वेगळी. आईने किल्ली शोधावी, नळी भरावी, बाहेर यावे, अंधारात नेम धरावा. आणि तोवर पोर बिबट्याच्या तोंडात. छऱ्याच्या बंदुकीतून सुटलेले छरे पसरतात. ते बिबट्याला किती आणि पोराला किती लागतील, हे कोण सांगणार? त्यातून जखमी होऊन उसात शिरलेला बिबट्या दुसऱ्या दिवशी ऊस तोडायला येणाऱ्या मजुरांच्या वाट्याला जातो. या मजुरांच्या कोप्यांना दार नसते, हेही विसरू नये.

कायदा इथे आईच्या विरुद्ध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत घातले असले, तरी अकराव्या कलमाप्रमाणे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी, प्रामाणिक हेतूने जनावर मारले गेले तर तो गुन्हा होत नाही. अडचण कायद्याची नसून घड्याळाची आहे. मध्य प्रदेशात सीधी जिल्ह्यात २०२१ साली एका बैगा आईने आपल्या मुलाला बिबट्याच्या तावडीतून सोडवले. ती त्याच्यामागे धावली, ओरडली, झटली. तिच्या हातात होती ती काठी. प्रसंग असा येतो, की जे हातात आहे तेच हत्यार होते.

आणि जिथे बंदुकीला खरोखर काम असते, तिथे ती कोणाच्या हाती असावी हेही दिसून आले आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांच्या अंतराने तीन माणसे बिबट्याने मारली. त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी वन खात्याने रीतसर परवानगी घेऊन, शिकलेल्या नेमबाजांकरवी त्या बिबट्याला गोळी घातली. त्याच गावाकडे शेतात जाणारी माणसे गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे घालू लागली, असे आपण वर्तमानपत्रांत पाहिले. कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा पट्टा माणसाने घालावा, याची लाज गावाला वाटायला नको. ती राज्यकर्त्यांना वाटायला हवी.

बिबट्या दिसला की धरा आणि लांब सोडा, ही मागणीही तपासून घेण्यासारखी आहे. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते वर्षाला सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर अधिक बिथरते. उपाय घाईने केला की अपाय होतो, असा याचा बोध आहे.

चोरापुढे बंदूक

चोराच्या बाबतीत कायदा गृहिणीला बराच मोठा अधिकार देतो. पूर्वीच्या दंड संहितेत ९६ ते १०६ या कलमांत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत आत्मसंरक्षणाचा हक्क आहे. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो हक्क फार पुढेपर्यंत जातो. परंतु त्याला मर्यादाही आहे: गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. परसात पाऊल वाजले म्हणून खिडकीतून गोळी झाडली आणि तो शेजारचा पोरगा पाणी सोडायला आलेला निघाला, तर कायदा पाठीशी उभा राहणार नाही, आणि गावही राहणार नाही.

शिवाय चोर बंदुकीला भितात हे जितके खरे, तितकेच ते बंदुकीला लालचावतात हेही खरे. मळ्यातल्या एकाकी घरात बंदूक आहे ही वार्ता पसरली, की ज्यांना शेळीत रस नव्हता त्यांना त्या घरात रस उत्पन्न होतो. ज्या वदंतेवर त्या ताईंची भिस्त होती, ती वदंता दोन्ही बाजूंनी कापते.

घरातली बंदूक घरातच लागते

या मुद्द्यावर मी अधिक बोलणार आहे, कारण इथे आईच्या मनातली गोष्ट आणि प्रत्यक्ष अनुभव यांत सर्वांत मोठे अंतर आहे.

आपल्याकडे घरोघर बंदुका नाहीत, म्हणून अनुभव परदेशचा घ्यावा लागतो. अमेरिकेत घरोघर बंदुका आहेत आणि तिथल्या आयाही अगदी हीच कारणे सांगतात: नवरा कामावर, घर लांब, पोलिस उशिरा. तिथल्या कॅलिफोर्निया राज्यात अडीच कोटींहून अधिक प्रौढांची बारा वर्षांची नोंद तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत, न बाळगणाऱ्यांच्या मानाने, गोळी झाडून आत्महत्या करण्याचे प्रमाण आठ पट होते; स्त्रियांत ते पस्तीस पट होते. २०२२ साली त्याच राज्यातला दुसरा अभ्यास आला. ज्यांच्याकडे स्वतःचे पिस्तूल नाही पण जे पिस्तूलवाल्याबरोबर एका घरात राहतात, त्यांचा खून होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते; जोडीदाराकडून गोळी लागून मरण्याचे प्रमाण सातपट होते, आणि असे मेलेल्यांत शंभरातल्या चौऱ्यांशी स्त्रिया होत्या. २०२० पासून त्या देशात एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण मोटार अपघात राहिलेले नाही. ते बंदूक झाले आहे.

यावर एखादी भगिनी म्हणेल, “हे अमेरिकेतले. आमच्या घरात दारू नाही, भांडण नाही.” तिचे म्हणणे खरे असू शकेल. सरासरीवरून एका घराचा निकाल लावता येत नाही. पण बंदूक एकदा घरात आली की ती वीस-तीस वर्षे राहते. त्या काळात मुले मोठी होतात, परीक्षा नापास होतात. कोणाची नोकरी जाते. कोणाला कर्जाची नोटीस येते. ज्याने कधी घेतली नाही तो घेऊ लागतो. त्या एका वाईट रात्री हाताशी काय आहे, यावर जीव जातो की राहतो हे ठरते. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्याच्या घरातली कीटकनाशकाची बाटली हे आपल्याला ठाऊक असलेले उदाहरण आहे. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले. दुःखे तीच होती. साधन हाताशी राहिले नाही, एवढाच फरक. घातक साधन घरात नसणे, हेच पुष्कळदा मोठे संरक्षण असते.

संघटनेच्या कचेरीत पगारवाढीइतक्याच तक्रारी नवऱ्याच्या मारहाणीच्या येतात. पगाराच्या दिवशी रात्री मुलांना घेऊन शेजारणीच्या घरी झोपणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने त्यांना घरात राहण्याचा आणि संरक्षणाच्या आदेशाचा हक्क दिला आहे. अशा घरात बंदूक ठेवली, तर ती कोणाच्या हातात जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

हातमोजे आणि कठडा

इतके झाल्यावर कोणी म्हणेल, मग बाईने भीतच राहायचे काय? नाही. इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या.

पूर्वी कारखान्यात पट्ट्यात हात सापडला की मालक म्हणे, कामगार बेसावध होता. फार तर हातमोजे देई आणि ‘सावध रहा’ अशी पाटी लावी. चळवळी झाल्या, कायदे झाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाने सांगितले की धोक्याच्या यंत्राभोवती भक्कम कठडा हवा, आणि तो घालण्याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची. वीज केंद्रात तर शिस्त याहून कडक. यंत्र बंद केल्याशिवाय, प्रवाह तोडल्याशिवाय आणि लेखी परमिट हातात आल्याशिवाय माणसाने त्याला हात लावायचा नाही. हेल्मेट आणि मोजे असतातच, पण ते शेवटचे. आधी धोका दूर करायचा, मग धोका आणि माणूस यांच्यामध्ये कठडा घालायचा, आणि एवढे करून उरेल त्यासाठी अंगावरची साधने.

बंदूक हे त्या यादीतले हातमोजे आहेत. ज्या समाजात आईला बंदूक मागावी लागते, त्या समाजाने तिच्याभोवतीचा कठडा घातलेला नाही. ‘बाई, सावध रहा’ आणि ‘बाई, बंदूक घे’ ही दोन वाक्ये दिसायला वेगळी असली, तरी दोन्हींचा अर्थ ‘तुझे तू पाहा’ असाच होतो.

कठडा म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगतो. पहिली गोष्ट वीज. शेतीपंपांची वीज आळीपाळीने काही दिवस रात्रीची येते. जिथे दिवसाच्या विजेची सोय पोचलेली नाही, तिथे शेतकरी आणि त्याची बायको रात्री उसात पाणी भरायला जातात. २०१७ साली शेतीसाठी सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला, तो शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणूनच. ज्या धुराड्याखाली शेकडो मेगावॉट वीज तयार होते, त्याच्या आसपासच्या वाड्यांवर रस्त्याला दिवा नसावा आणि पाणी रात्री भरावे लागावे, याचा जाब विचारणे हे बंदूक मागण्यापेक्षा अधिक धीराचे काम आहे.

दुसरी गोष्ट घराची: घराजवळ, दिवा असलेला संडास; शेळ्यांसाठी वरून बंद असलेला गोठा; घर आणि ऊस यांच्यामध्ये काही अंतर मोकळे. तिसरी गोष्ट स्वच्छतेची: कोंबडीच्या दुकानांचा आणि मेलेल्या जनावरांचा कचरा उघड्यावर पडला की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. चौथी गोष्ट सोबतीची: संध्याकाळी मुलांनी एकटे जाऊ नये, ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांसाठी दिवसभराचा पाळणा असावा, शाळेची वाट उसातून असेल तर मोठ्या माणसाने बरोबर जावे. आणि पाचवी गोष्ट हाकेला ओ देण्याची: पोलिसांचा ११२ आणि वन खात्याचा १९२६ हे क्रमांक भिंतीवर लिहिलेले असावेत, आणि फोन केल्यावर माणूस किती वेळात येतो याचा हिशेब ग्रामसभेत मागितला जावा.

मग करायचे काय?

ज्या भगिनीला एवढे ऐकूनही परवाना हवा असेल, तिचा तो कायदेशीर हक्क मी नाकारणार नाही. तिने अर्ज स्वतःच्या नावाने करावा. हाताळण्याचे शिक्षण मन लावून घ्यावे. बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत, किल्ली मुलांना कळू देऊ नये. घरात दारूचे व्यसन, मारहाण किंवा कोणाच्या मनाची अवस्था बिकट असेल, तर अर्ज करण्याचा विचारच सोडावा. आणि घेतलेली बंदूक नकोशी झाली, तर ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे रीतसर जमा करावी. कोणाला सांभाळायला देऊ नये.

परंतु परवान्याच्या अर्जाआधी आणखी एक अर्ज तिने लिहावा, अशी माझी विनंती आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा भरवावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावर भरते आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. ती सभा खरी भरू द्या. आपल्या वाडीत रात्री कोणत्या घरी पुरुष नसतो, हे जर साऱ्या गावाला पाठ आहे, तर त्या घरापुढे दिवा कुठे नाही हेही गावाला पाठ झाले पाहिजे. दिवे किती, संडास किती, उसातल्या वाटा किती, रात्री पाणी भरणारे किती, पोलिस आणि वन खाते किती वेळात पोचले, या पाच गोष्टींची यादी करून ती ठरावात घाला आणि ठरावाची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. पुढच्या सभेत तीच यादी पुन्हा वाचा. आम्ही कामगारांनी कठडा मिळवला तो असाच. एकेकट्याने मागितला असता तर हातमोज्यांवरच समाधान मानावे लागले असते.

त्या ताईंना आपल्याला कोणीतरी भ्यावे असे वाटत होते. त्यांचे वाटणे रास्त आहे. फक्त माझा अनुभव असा, की एकट्या बाईच्या बंदुकीला जितके लोक भितात, त्याहून कितीतरी अधिक लोक पन्नास बायकांच्या एका ठरावाला भितात. बंदुकीला परवाना लागतो. सभेला तो लागत नाही. आणि तिथे बोलण्याचा हक्क आपल्या घटनेने प्रत्येक आईला कधीचाच देऊन ठेवला आहे.